मधला हातभर चिखल

जाळं आमचं होतं आणि खुंट हिराच्या घरचे. ही वाटणी कुणी केली, कधी केली, ते मला माहीत नाही. मला समजायला लागलं तेव्हापासून ती तशीच होती. आमच्या माळ्यावर जाळ्याची मोठी गुंडाळी लोंबत असायची आणि शेजारी हिराच्या पडवीत टोकं तासलेले चौदा खुंट भिंतीला टेकून उभे असायचे. खुंट नसतील तर जाळं म्हणजे चिंधी आणि जाळं नसेल तर खुंट म्हणजे सरपण, असं माझी आय म्हणायची. त्यामुळे दोन्ही घरांना एकमेकांवर फार दिवस रुसून राहणं परवडायचं नाही. भांडणं व्हायची, नाही असं नाही. कुणाची कोंबडी कुणाच्या वाफ्यात शिरली, कुणी कुंपण वीतभर पुढे सरकवलं, यावरून दोन्ही घरच्या काकी-माम्या पदर खोचून उभ्या राहायच्या. पण पौर्णिमा किंवा अमावस्या जवळ आली की कुणीतरी आपणहून दुसऱ्याच्या अंगणात जायचं, हवापाण्याचं बोलायचं आणि शेवटी विचारायचं, "मग, उद्या जायाचं ना?"

आमचं गाव मुरुडच्या दक्षिणेला, खाडीच्या आतल्या अंगाला. समुद्र आम्हाला ऐकू यायचा नाही. त्याचं पाणी तेवढं दिवसातून दोनदा भेटायला यायचं आणि परत जायचं. नवाबाचं राज्य जाऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती, पण आमच्या घरात त्यामुळे काही बदललेलं मला आठवत नाही. सकाळी आयच्या जात्याची घरघर, मग चुलीतल्या ओल्या लाकडाची धुसफूस, मग बाबांचा खोकला. थंडीच्या दिवसांत भात झोडून झालेलं असायचं आणि रिकाम्या शेतांतून वाल फुललेला असायचा. त्याचा हिरवट वास आणि सुकत घातलेल्या जवळ्याचा वास असे दोन वास एकात एक मिसळून गावभर असायचे. मी पुढे शिक्षिकेची नोकरी करत बऱ्याच गावांतून फिरले, पण तो मिश्र वास पुन्हा कुठे मिळाला नाही. माझ्या सुना जवळ्याची पिशवी उघडली की खिडक्या उघडतात. मी मात्र हळूच जवळ जाऊन उभी राहते.

खाडीतून एक अरुंद ओहळ आमच्या शेतांकडे आत शिरायचा. दोन्ही बाजूंना तिवराची झाडं. पौर्णिमेला आमच्याकडे भर दुपारी भरती असते आणि पहाटे, तिन्हीसांजेला सुकती. पहाटे ओहळ जवळपास रिकामा झाला की दोघांनी उतरायचं, या काठापासून त्या काठापर्यंत खुंट ठोकायचे, जाळ्याची खालची दोरी चिखलात पायानं दाबून पुरायची आणि वरची बाजू तशीच खाली पडू द्यायची. भरतीबरोबर मासे निर्धास्त आत जातात. दुपारी पाणी टिच्च भरलं की होडीतून जाऊन वरची दोरी उचलून खुंटांना बांधायची. मग काही करायचं नाही. काठावर बसायचं, भाकरी खायची आणि पाणी उतरायची वाट बघायची. पाणी जाळ्यातून निघून जातं, मासे आत राहतात. सगळा दिवस जातो, पण मी आयुष्यात केलेल्या कामांमध्ये इतकं सुखाचं काम दुसरं नव्हतं.

या कामात एक मेख होती. खालची दोरी दाबत एक जण या काठावरून यायचा, एक जण त्या काठावरून. ओहळाच्या मधोमध, जिथं सुकतीतही गुडघाभर पाणी उरतं, तिथं दोघं भेटायचे. तो मधला हातभर तुकडा एकट्याला दाबता येत नाही. खाली गाळ पातळ, पाय घसरतो, आणि गढूळ पाण्यात दिसत तर काहीच नाही. म्हणून दोघांनी समोरासमोर उभं राहून एकमेकांचे खांदे धरायचे आणि चार पायांनी मिळून दोरी खाली दाबायची. मग एकानं विचारायचं, "दाबली?" आणि दुसऱ्यानं पायानं चाचपून सांगायचं, "दाबली." हे म्हटल्याशिवाय कुणी जागेवरून हलायचं नाही. बाबा आणि हिराचे बाबा असंच करायचे. बाबांचा गुडघा सुजायला लागला आणि हिराचे बाबा परगावी असले की मी आणि हिरा जायला लागलो, तेव्हा आम्हीही तसंच केलं. हिराला त्या वेळी हसू आवरायचं नाही. माझे खांदे धरून ती चिखलात अशी काही नाचायची की माझा तोल जायचा आणि दोघी पाण्यात बसायचो.

त्या वर्षी पौष पौर्णिमेच्या चार दिवस आधी मला विहिरीवर कळलं की हिराचं लग्न ठरतंय. पलीकडच्या बोर्ली पंचतनचं स्थळ. आमच्या गावाहून तिथं जायचं म्हणजे खाडी ओलांडून होडीनं जायचं, आणि तेही भरती-सुकती बघून. मला ते हिरानं सांगितलं नाही, दोन बायका रहाट ओढता ओढता बोलत होत्या त्यांच्याकडून कळलं. ज्या मुलीनं मला आपल्या कानातलं हरवल्याचं आईच्या आधी सांगितलं, वयात आल्याचं आईच्या आधी सांगितलं, तिनं हे लपवावं? माझं डोकंच फिरलं. हिरा घागर घेऊन आली तेव्हा चार बायकांच्या देखत मी म्हणाले, "नवरा बघितलास तरी का गं? का बिनबघताच निघालीस? एका डोल्याचा निघाला मंजी?"

बायका हसल्या. हिरा नाही हसली. तिनं घागर खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "आजपासून तुझं-माझं बोलनं बंद. पयली बोलंल तिला खाडीची आन."

खाडीची आण आमच्याकडे कुणी उगाच घेत नसे. ज्या पाण्यावर दोन घरं जेवतात त्याची आण ती. मी तोऱ्यात म्हटलं, "बरं." आणि घरी जाऊन भांड्यांच्या मागे बसून रडले.

आता नेमकं झालं असं, की पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी बोर्लीची मंडळी सगळं पक्कं करायला येणार होती. आमच्या भागात व्याही पहिल्यांदा जेवायला येणार म्हणजे जिताडा हवा. जिताड्याच्या तुकडीशिवाय पान वाढलं तर व्याह्याला वाटतं, आपल्याला हलक्यात काढलं. हिराच्या घरच्यांनी दुसरा मासा केला असता, कोंबडी कापली असती, तरी ते समाधान नव्हतं. हिराचे बाबा पाहुण्यांना आणायला आदल्या दिवशीच पलीकडे जाणार, माझ्या बाबांना उठता येत नाही. म्हणजे जाळं लावायचं ते आम्ही दोघींनीच. मी आयला म्हटलं की आमचा अबोला आहे, मी जाणार नाही. आय भाकरी थापत होती, तिनं मान वर न करता विचारलं, "मासं तोंडानं धरतेस का हातानं?"

"हातानं."

"मंग जा."

पहाटे धुकं इतकं होतं की समोर हिरा चालते आहे ते तिच्या डोक्यावरच्या खुंटांच्या आवाजावरून कळत होतं. मी मागे, पाठीवर जाळं. हवेपेक्षा पाणी गरम होतं. ओहळात पाय टाकला की बरं वाटायचं आणि बाहेर काढला की दात वाजायचे. खुंट ठोकून झाले. मग ती त्या काठाला गेली, मी या काठाला राहिले आणि आम्ही दोरी दाबत दाबत मध्याकडे यायला लागलो. कामात दोघी पटाईत होतो, भराभर आलो. आणि मधोमध येऊन दोघी थबकलो.

खांदे धरायचे कसे? विचारायचं कसं? ती माझ्याकडे बघत नव्हती, जाळ्याकडे बघत होती. मी तिवराकडे बघत होते. मी माझ्या बाजूनं जितकं पुढे जाता येईल तितकं गेले, म्हणजे तिला हात न लागेल इतकं. तिनंही तेच केलं. मी एक पाय लांबवून चाचपून पाहिलं. दोरी हलत होती. चांगलीच हलत होती, माझ्या अंगठ्याला ती लागून पुन्हा निसटली. मी पाय मागे घेतला, वळले आणि काठावर चढले. हे मी आज लिहिते आहे ते आधी कुणाला सांगितलेलं नाही, म्हणजे एका माणसाखेरीज. दोरी दाबलेली नाही हे मला माहीत होतं.

दुपारी भरती टिच्च झाली. ऊन पडलं होतं, पाणी हिरवं आणि जाड दिसत होतं. होडीत बसून आम्ही वरची दोरी बांधायला गेलो. हिरा वल्हवत होती, मी बांधत होते. एका खुंटाला माझी गाठ सैल बसली. हिरानं घसा खाकरला आणि समोरच्या तिवरावर बसलेल्या बगळ्याला म्हणाली, "बगल्या, तुझी गाठ सैल हाय रं."

मी गाठ आवळली. मग मीही बगळ्याला म्हटलं, "बगल्या, होडी जरा डावीकडं घेशील का?" होडी डावीकडे आली. बगळ्याशी बोलण्यानं खाडीची आण मोडत नाही हे आम्हा दोघींना एकदमच सुचलं होतं, आणि मग आम्ही त्या बिचाऱ्याला उसंत दिली नाही. काठावर बसून भाकरी सोडली तेव्हा हिरानं त्याला विचारलं की जवळ्याची चटणी हवी का, आणि उत्तराची वाट न बघता माझ्या भाकरीवर चटणीचा मोठा गोळा ठेवला. मी त्याला सांगितलं की आमच्या आयनं वालाच्या शेंगा उकडून दिल्यात, गरम आहेत तोवर खा. हिरानं खाल्ल्या. शेंगांची सालं ती माझ्या पदरात टाकत होती, नेहमीसारखी. मला वाटलं, हिला घट्ट मिठी मारावी आणि वाटलं, हिला ढकलून द्यावं पाण्यात. हिरा उद्यापासून दुसऱ्यांची होणार, हे मला सोसत नव्हतं. एवढी साधी गोष्ट होती आणि ती मला तेव्हा कुणालाही सांगता येत नव्हती, बगळ्यालासुद्धा.

त्या दोन-तीन तासांत मी केव्हाही म्हणू शकले असते की बगळ्या, मधली दोरी दाबलेली नाही, पाणी उतरायच्या आत बुडी मारून बघू. मला पोहता येत होतं, हिराला माझ्याहून चांगलं येत होतं. मी म्हटलं नाही. मनात हिशेब अगदी कच्चा होता: मासा नाही तर व्याही रुसतील, व्याही रुसले तर हिरा इथंच राहील. सोळा वर्षांच्या मुलीचं डोकं, त्यात आणखी काय असणार? पण त्या मुलीला मी आजही पुरती माफ केलेलं नाही, कारण काकीनं, म्हणजे हिराच्या आयनं, त्या पाहुण्यांसाठी महिनाभर घरातला चांगला तांदूळ झाकून ठेवला होता आणि मला ते तोवर कळलं होतं.

ऊन कलायला लागलं तसं पाणी उतरू लागलं. आधी तिवराची ओली खोडं दिसली, मग काठाचा चिखल, मग त्यावर टुणटुण उड्या मारणाऱ्या निवट्या, चिखलात बिळं करून राहणारे बोटभर मासे. जाळ्याच्या आतल्या पाण्यात बोईटं, ते छोटे चंदेरी मासे, उडायला लागली. आम्ही दोघी आपापल्या काठाला उभ्या होतो. आणि एकदम मधल्या पाण्यात काहीतरी रुंद, जड असं वळलं. पाठ दिसली, राखाडी, चमकदार. जिताडा होता, चांगला हाताएवढा लांब. तो जाळ्याला धडकला, मागे गेला, पुन्हा आला. जाळ्याच्या कडेनं तो चालत असावा तसा सरकत होता, वाट शोधत. तो मध्याकडे गेला आणि तिथं पाणी फुगलं.

"शांते!" हिरा ओरडली. "मधी! मधी पाय दे!"

मी उडी मारली. ती तिकडून आली. मांडीभर पाण्यातून मी धडपडत मधोमध पोचले आणि दोन्ही पाय खाली रोवले, आणि त्याच क्षणी तो माझ्या नडगीला घासून गेला. थंड, गुळगुळीत आणि इतका जोरकस की मी मागे बसले. जाळ्याच्या बाहेर पाण्यावर एक लांबट रेघ उमटली आणि खाडीकडे गेली. आम्ही दोघी ती रेघ पुसली जाईपर्यंत बघत राहिलो.

खाडीची आण मोडली होती ती हिरानं. तिच्या ते लक्षात आलं असावं, पण तिनं तिकडे लक्ष दिलं नाही. माझ्यासमोर कमरेपर्यंत भिजून उभी राहून तिनं विचारलं, "दाबली न्हवतीस?"

मला खोटं बोलता आलं असतं. "न्हाय," मी म्हटलं. "मना कललं व्हतं. तरी न्हाय दाबली."

हिरानं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही मारणार. ती म्हणाली, "मना पन कललं व्हतं."

"मंग?"

"मंग काय? वाटलं, जाऊ दे त्यो मासा. रुसले तर रुसले. मना न्हाय जायाचं तिकडं इतक्यात." ती रडायला लागली. लहान मुलासारखी तोंड उघडं टाकून. "आन तुला सांगितलं न्हाय म्हनून रागावलीस. तुला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं गं. कुनाला सांगितलंच न्हवतं मी. आयनंच सांगितलं सगल्यांना."

मी तिला धरलं. दोघी त्या गार पाण्यात एकमेकींना धरून रडलो, आणि रडता रडता हिरालाच आधी हसू फुटलं. "पन ओरडलीस कशाला मंग?" मी विचारलं. "जाऊ द्यायचा व्हता ना?" तर म्हणे, "एवढा मोठा जिताडा समोर बघितला, तोंडातनं निघून गेलं." कोळंबीच्या पिल्लालाही सहज जाऊ न देणाऱ्या घरातली मुलगी ती, डोळ्यांसमोर जिताडा निसटताना तिच्यानं गप्प कसं राहवणार होतं! मग आम्ही खांदे धरले आणि ती मधली हातभर दोरी चार पायांनी दाबली, रीतसर. "दाबली?" "दाबली." आत उरलं होतं काय, तर मूठभर कोळंबी, दहा-बारा बोईटं. चंद्र वर येईपर्यंत आम्ही चिखलात गुडघ्यांवर रांगत निवट्या धरल्या. निवटी हातात येणं सोपं नाही, ती डोळ्यांदेखत बिळात जाते. पण हिराचा हात असा होता की निवटीला कळायच्या आत ती टोपलीत असायची.

घरी काय सांगितलं? जाळं मध्ये सुटलं, एवढंच. ते खोटंही नव्हतं. काकीनं कपाळाला हात लावला, पण दोघी काकडलेल्या बघून आधी शेकोटीपाशी बसवलं. आय मात्र माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी बोर्लीची मंडळी भरतीबरोबर आली. मुलाचे वडील पानावर बसले, ताटात निवट्यांचं कालवण आणि तळलेली बोईटं बघून थोडे थांबले. हिराचे बाबा मान खाली घालून बसलेले. मी दारामागे हिराच्या शेजारी उभी होते आणि तिचा हात माझ्या हातात होता, ओला आणि थंड. मुलाच्या आईनं विचारलं, "निवट्या कुनी धरल्या?" काकीनं दबक्या आवाजात सांगितलं की पोरींनी, हातानं. त्या बाईनं एक निवटी उचलून पारखल्यासारखी बघितली, कुठं टोचल्याची खूण नव्हती की चिरडल्याची. मग नवऱ्याकडे वळून मोठ्यानं म्हणाली, "जिताडा काय, जाल्यात आपोआप येतो. हातानं निवटी धरनारी सून कुठं भेटती?" आणि मुलाच्या वडिलांनी भाताचा मोठा घास घेतला. दाराआड आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. जी सोयरीक मोडायला आम्ही मासा सोडला होता, ती आमच्याच निवट्यांनी पक्की केली होती. आता वाटतं, बरंच झालं. नवऱ्याचे दोन्ही डोळे चांगले निघाले आणि सासू मायाळू निघाली. सासूबद्दल वाईट शब्द हिराच्या तोंडून मी कधी ऐकला नाही.

तो ओहळ आता बांध घालून बंद केलाय. तिवरं गेली, पाणी आत येत नाही. खुंट कधीच जळले असतील. जाळं कुठं गेलं मला माहीत नाही.

वैशाखात हिराचं लग्न झालं. पाठवणीच्या वेळी सुकती लागली होती, होडी काठाला येईना, म्हणून नवऱ्यामुलीला चिखलातून चालत होडीपर्यंत न्यावं लागलं. मी तिचं हिरवं लुगडं वर धरून बरोबर चालत होते. मागे बायका रडत होत्या, पुढे होडीतून कुणीतरी घाई करत होतं, पाणी उतरतंय म्हणून. होडीपाशी आल्यावर हिरा चढली नाही. ती माझ्याकडे वळली, बांगड्यांनी भरलेले दोन्ही हात तिनं माझ्या खांद्यांवर ठेवले आणि पायानं चिखल दाबायला लागली, माझ्या पायाच्या अगदी जवळ. मीही दाबू लागले.

"दाबली?" तिनं विचारलं.

मी मान हलवली.

"मान न्हाय हलवायची. बोल."

होडीतला माणूस पुन्हा ओरडला. हिरा हलली नाही. मी पायानं चाचपून बघितलं, खाली नुसता चिखल होता.

"दाबली," मी म्हटलं, तेव्हा तिनं माझे खांदे सोडले.